काँक्रीटच्या अंतरंगाची परीक्षा

पोत्यातील धान्य कसे आहे हे परखी खुपसताच कळते; परंतु ज्या दुमजली वखारीच्या माडीवर आपण थप्प्या रचतो, तिच्या काँक्रीटच्या खांबात परखी शिरत नाही. वरून गुळगुळीत आणि आत पोकळ, अशी स्थिती अशक्य नव्हे. खांब न फोडता ती ओळखण्याच्या दोन रीती व्यापारी बंधूंनी जाणून घ्याव्यात.

पहिली हातोड्याची. स्वित्झर्लंडमधील अर्न्स्ट श्मिट यांनी १९४८ च्या सुमारास स्प्रिंगचा हातोडा सिद्ध केला. तो आदळून किती मागे उसळतो, यावरून पृष्ठभागाचे काठिण्य समजते. मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे जुन्या काँक्रीटचा बाह्य थर अधिक कठीण होतो. म्हणून हा आकडा फसवा ठरू शकतो.

दुसरी ध्वनिलहरींची. कानास ऐकू न येणाऱ्या लहरी एका बाजूने सोडून पलीकडे पोहोचण्यास लागणारा काळ मोजतात. वाटेत भेग वा पोकळी आल्यास वळसा पडून काळ वाढतो. १९९२ च्या भारतीय मानकात सेकंदास ४.५ किलोमीटरहून अधिक वेग उत्कृष्ट, तर ३ हून कमी शंकास्पद मानला होता.

तात्पर्य, केवळ हातोड्यावर विसंबून माडीवरील माल वाढवू नये. तज्ज्ञ अभियंत्याकडून दोन्ही परीक्षा करवाव्यात. मालाची हानी विम्याने भरून येईल. खाली राबणाऱ्या हमालाचा प्राण परत येणार नाही.