अन्न आणि मन, लेखांक ६ : बी-१२ची तूट

गेल्या आठवड्यात लोहाचा हिशेब मांडला. आज त्याहून कितीतरी कमी लागणारं, तरीही आपल्या शाकाहारी घरांत हमखास तोकडं पडणारं जीवनसत्त्व : बी-१२. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. ते वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही नाहीत. बनवतात फक्त सूक्ष्मजीव. गाई-म्हशींच्या पोटातल्या जिवाणूंची ही कमाई दुधातून आपल्याला मिळते आणि तीही पेलाभर दुधामागे जेमतेम एक मायक्रोग्रॅम. चहातलं दूध त्यात धरूच नये. मोडाची मटकी कितीही गुणी असली तरी इथे उपयोगाची नाही. स्पिरुलिनातलं 'बी-१२' तर बहुतांशी नुसतं सोंग. शरीर ते वापरू शकत नाही.

शरीरात याची कामं दोनच, पण दोन्ही मोक्याची. एक, होमोसिस्टीनचं मेथिओनीन करायचं. त्यावर मज्जातंतूंचं आवरण आणि मेंदूतली रसायनं अवलंबून असतात. दुसरं, काही स्निग्धाम्लं आणि अमिनो आम्लं पेशींच्या ऊर्जाचक्रात आणून सोडायची. ही कामं अडली की थकवा, तळपायाला मुंग्या, विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे तूट सावकाश उघडी पडते आणि घरचे म्हणतात, 'आता वय झालं.'

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! म्हणजे प्रश्न गरिबीचा नाही, ताटाचा आहे. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता-बालकांवरचा त्यांचा २००८चा निष्कर्ष मला अधिक अस्वस्थ करतो. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली.

मग गोळी घ्यावी का? तूट असेल तर जरूर. एका वेळी आतडं नेहमीच्या वाटेने दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलतं. बाकीच्यातला साधारण एक टक्का आपोआप झिरपतो. म्हणून गोळी हजार मायक्रोग्रॅमची असते. पण तूट नसताना 'ताकदीचं' लाल इंजेक्शन टोचून मन प्रसन्न होतं, याला आधार नाही. तो लाल रंग मात्र खरा, त्यातल्या कोबाल्टयुक्त रेणूचा.

मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२चं शोषण आणखी घटतं. त्यांनी रक्तातली पातळी तपासून घ्यावी. आणि तपासणीआधीच नुसतं फॉलिक अ‍ॅसिड सुरू करू नये. रक्ताचा अहवाल सुधारतो, मज्जातंतूंची झीज मात्र चालूच राहते.