अण्वस्त्र प्रतिरोधन, पश्चिम यूरोपीय
अण्वस्त्रांच्या प्रतिप्रहाराची धास्ती निर्माण करून संभाव्य शत्रूस आक्रमणापासून परावृत्त करण्याच्या धोरणास अण्वस्त्र प्रतिरोधन असे म्हणतात. स्वसंरक्षणार्थ दिलेली अशी धमकी शत्रूला खरी वाटू शकते. परंतु मित्रराष्ट्राच्या रक्षणासाठी एखादे राष्ट्र स्वतःच्या शहरांचा विनाश ओढवून घेईल काय, हा सामुदायिक संरक्षणातील मूलभूत प्रश्न होय. पश्चिम यूरोपातील राष्ट्रांनी त्याची भिन्न उत्तरे शोधली.

४ एप्रिल १९४९ रोजी झालेल्या उत्तर अटलांटिक कराराच्या पाचव्या कलमानुसार एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जातो. तथापि कोणते साहाय्य द्यावयाचे, हे प्रत्येक सदस्याने स्वतः ठरवावयाचे असते. समाईक यूरोपीय सेना उभारण्याविषयीचा १९५२ चा करार फ्रान्सच्या राष्ट्रसभेने १९५४ मध्ये निष्फळ ठरविला. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीने आपल्या भूमीवर अण्वस्त्रे न बनविण्याचे अभिवचन दिले व १९५५ मध्ये तिला उत्तर अटलांटिक करार संघटनेत (नाटो) प्रवेश मिळाला. तिचे संरक्षण अमेरिकन अण्वस्त्रांवर विसंबून राहिले. त्यांच्या वापराचा अंतिम अधिकार मात्र अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडेच होता.

ब्रिटनने १९५२ मध्ये पहिली अणुचाचणी केली. १९६२ च्या नॅसॉ करारान्वये अमेरिकन पोलारिस क्षेपणास्त्रे घेण्याचे ठरवून ब्रिटनने आपले अण्वस्त्रदल नाटोच्या कार्यास देऊ केले. परंतु सर्वोच्च राष्ट्रीय हित धोक्यात आल्यास स्वतंत्र निर्णय घेण्याचा हक्क राखून ठेवला. पॅरिस वाचविण्यासाठी अमेरिका न्यूयॉर्क पणास लावील, यावर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचा विश्वास नव्हता. फ्रान्सने १९६० मध्ये सहारात पहिली चाचणी केली आणि १९६६ मध्ये नाटोच्या एकात्म लष्करी व्यवस्थेतून अंग काढून घेतले. २००९ मध्ये फ्रान्स त्या व्यवस्थेत परतला, तरी अणुयोजना गटापासून अलिप्तच राहिला.

ब्रिटिश व फ्रेंच अण्वस्त्रदलांमुळे संघटनेच्या एकूण प्रतिरोधनशक्तीत भर पडते, हे नाटोने १९७४ च्या ओटावा घोषणेत मान्य केले. निर्णयकेंद्रे अनेक असल्याने शत्रूला प्रतिक्रियेचा अंदाज बांधणे कठीण जाते, हे त्यामागील तर्कसूत्र होय. शीतयुद्धानंतर या दोन शेजाऱ्यांतील सहकार्य वाढले. एकाचे मर्मभूत हितसंबंध धोक्यात आल्यास दुसऱ्याचेही येतील, असे त्यांनी १९९५ मध्ये जाहीर केले. २०१० च्या करारान्वये अण्वस्त्रविषयक संशोधनासाठी समाईक साधनसुविधा उभारण्याचे ठरले. जुलै २०२५ मधील नॉर्थवुड घोषणेत आपापली दले स्वतंत्र ठेवूनही त्यांत समन्वय साधता येईल, असे उभयतांनी नमूद केले.

या सर्व व्यवस्थांत सल्लामसलत व संशोधन समाईक होऊ शकले. अस्त्र वापरण्याचा निर्णय मात्र त्या त्या राष्ट्राच्या प्रमुखाकडेच राहिला. म्हणूनच अण्वस्त्ररहित मित्रराष्ट्रांना मिळणारी संरक्षणाची हमी कराराच्या शब्दांइतकीच परस्पर राजकीय विश्वासावरही अवलंबून असते.