१४ टनी हायड्रा नेहमीच १४ टन उचलत नाही

चाकण, वाळूज किंवा अंबडच्या एमआयडीसीत हायड्रा क्रेन आणि फोर्कलिफ्टशिवाय कुठलीच पाळी पार पडत नाही. त्यांच्याबद्दलच्या काही समजुती मात्र एका पाळीकडून दुसरीकडे तशाच जातात आणि त्यांची किंमत अनेकदा हेल्परला मोजावी लागते.

गैरसमज : हायड्रावर १४ टन लिहिलंय, म्हणजे ती १४ टन उचलणारच.

वस्तुस्थिती : तेवढं वजन ती बूम आत घेतलेली आणि माल गाडीच्या अगदी जवळ असेल तेव्हाच पेलते. बूम लांबवली किंवा खाली झुकवली की क्षमता झपाट्याने उतरते. माल घेऊन चालताना, विशेषतः वळताना, ती आणखी कमी धरायची. हे सगळे आकडे लोड चार्टमध्ये असतात. तो इंग्रजीत असेल आणि ऑपरेटरला वाचता येत नसेल, तर मराठी-हिंदीत करून केबिनमध्ये लावणं हे मालकाचं काम आहे.

गैरसमज : दोन पट्टे लावले की वजन निम्मं निम्मं वाटलं जातं.

वस्तुस्थिती : पट्टे सरळ उभे असतील तरच. १००० किलोच्या मालाला दोन उभे पट्टे लावले तर प्रत्येकावर ५०० किलो येतात. पण हुकापासून पट्टे तिरपे फाकतात तेव्हा ताण वाढतो. पट्ट्याचा आडव्या रेषेशी कोन ६० अंश असेल तर प्रत्येकावर सुमारे ५७७ किलो, ४५ अंशांना ७०७ आणि ३० अंशांना थेट १००० किलो! म्हणजे दुसरा पट्टा लावूनही पहिल्याचा भार तसूभर हलका झाला नाही. आखूड पट्टे ओढूनताणून बसवणं म्हणूनच घातक. लांब पट्टे घ्यावेत किंवा स्प्रेडर बीम वापरावा.

गैरसमज : रिकामी फोर्कलिफ्ट उलटत नाही, उलटलीच तर उडी मारायची.

वस्तुस्थिती : दोन्ही गोष्टी चूक. फोर्कलिफ्टचा तोल पुढची दोन चाकं आणि मागच्या अॅक्सलचा मध्य यांच्या त्रिकोणावर असतो. रिकाम्या गाडीत मागच्या काउंटरवेटमुळे गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो, त्यामुळे वेगात वळण घेतलं की ती आडवी होऊ शकते. आणि उडी? तीन टनी डिझेल फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजनच चार टनांच्या आसपास असतं. उडी मारणारा माणूस नेमका पडत्या छताच्या चौकटीखाली सापडतो. बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमध्ये सीटचा पट्टा आधीपासून लावलेला हवा. तोल गेला की स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि पडत्या बाजूच्या उलट झुकायचं. उभं राहून चालवायच्या रीच ट्रकची सूचना वेगळी असते, ती त्याच्या पुस्तिकेत पाहावी.

गैरसमज : माल झुलू नये म्हणून हेल्परने तो हाताने धरून हायड्रासोबत चालावं.

वस्तुस्थिती : हे दृश्य दिसलं की काम तिथेच थांबवायला हवं. समोरच्या बूममुळे आणि मालामुळे ऑपरेटरला त्या बाजूचं नीट दिसत नाही. हेल्पर ठेचकाळला तर चाक त्याच्यापर्यंत यायला क्षणही लागत नाही. माल आवरायला लांब दोरी असते, ती धरून बाजूला, ऑपरेटरच्या नजरेत राहायचं. हेल्मेट आहे म्हणून लटकत्या मालाखाली जाणं तितकंच चूक. हेल्मेट वरून पडणाऱ्या नटबोल्टसाठी आहे, टनावारी मालासाठी नाही.

गैरसमज : टेस्ट सर्टिफिकेट आहे, रोज काय बघायचं?

वस्तुस्थिती : कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने उचल यंत्रं, साखळ्या आणि दोरांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा तपासणी सांगितली. पण हुकाची लॅच काल संध्याकाळीही तुटलेली असू शकते. ब्रेक, वायररोपच्या तुटलेल्या तारा, पट्ट्यावरचे काप, टायर हे पाळी सुरू होतानाच पाहायचं. गाठ मारून जोडलेला पट्टा वापरातून काढून टाकायचा.

गैरसमज : इशारा फक्त सिग्नलमनचाच मानायचा.

वस्तुस्थिती : उचला, खाली घ्या, वळवा, हे सांगणारा एकच असावा. ‘थांबा’ मात्र कुणीही म्हणू शकतो, अगदी झाडू मारणारी बाईसुद्धा, आणि ऑपरेटरने तिथेच थांबायचं असतं.