ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगचे झिजलेले भाग व गंजून बसलेले बोल्ट

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी पोचलेल्या अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांत ऊस होतो, आणि गाळप हंगाम सुरू झाला की जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागातील रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. जो ट्रॅक्टर पावसाळ्यात काळ्या रानात चिखल तुडवीत चालला, तोच आता कित्येक टनांचे ओझे ओढीत अंकुशनगर किंवा तीर्थपुरी येथील कारखान्याकडे निघतो. शेतात स्टिअरिंग ढिले असले तर फार तर तास वाकडे जाते. रस्त्यावर मागे भरलेली ट्रॉली व समोरून येणारी एस. टी. असताना तीच ढिलाई जिवावर बेतते.

झिजलेला सांधा बदलावयाचा हे शेतकऱ्यास मान्य असते. नवा भागही तो जालन्याहून आणून ठेवतो. परंतु जुना भाग निघत नाही, कारण त्याचा नट किंवा बोल्ट गंजून धरून बसलेला असतो. अशा वेळी दोन चुकीच्या वाटा धरल्या जातात. हंगाम संपेपर्यंत काम पुढे ढकलले जाते, किंवा घणाचे घाव व गॅसची ज्योत यांनी तो भाग कसातरी काढला जातो. पहिल्या वाटेत झिजलेला सांधा रस्त्यावर राहतो. दुसऱ्या वाटेत शाबूत असलेला आर्म दुबळा होतो, आणि तो दुबळेपणा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एक नियम प्रथमच मनाशी पक्का करावा : नट, बोल्ट व जुना सांधा वाया गेला तरी चालेल, आर्मला मात्र इजा होता कामा नये.

कोणते भाग झिजतात

स्टिअरिंगचे चाक फिरविले की ती हालचाल गिअर बॉक्स, ड्रॉप आर्म व ड्रॅग लिंक यांच्याद्वारे, अथवा पॉवर स्टिअरिंग असल्यास तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरद्वारे, पुढच्या चाकांच्या आर्मपर्यंत पोचते. टाय रॉडमुळे दोन्ही चाके एकाच वेळी वळतात. या दांड्यांच्या टोकांशी बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचे सांधे असतात. गोळ्याचा निमुळता दांडा आर्मच्या निमुळत्या छिद्रात घट्ट बसतो व खाचांच्या नटाने आवळला जातो. नट फिरू नये म्हणून त्यातून स्प्लिट पिन घालतात. सांध्यावरील रबरी टोपी फाटली की चिखल व धूळ आत जाते, ग्रीस वाहून जाते आणि गोळा व वाटी दोन्ही घासू लागतात. चाकाच्या उभ्या किंग पिनचे बुशही याच रीतीने झिजतात.

ढिलाई कशी तपासावी

ट्रॅक्टर सपाट जमिनीवर उभा करून हँडब्रेक लावावा. पॉवर स्टिअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवावे. एकाने स्टिअरिंगचे चाक हळूहळू डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने बाजूला राहून एकेका सांध्याकडे पाहावे. दांडा हलतो परंतु त्यास जोडलेला आर्म हलत नाही, असे जेथे दिसेल तो सांधा झिजलेला समजावा. पॉवर स्टिअरिंगचे चाक हाताला हलके लागते, त्यामुळे सांध्याची झीज चालकास उशिरा जाणवते. अशा ट्रॅक्टरची तपासणी अधिक दक्षतेने करावी.

नंतर इंजिन बंद करावे, मागच्या चाकांना उटी लावाव्यात, पुढचा आस जॅकने उचलावा व त्याखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ जॅकच्या आधारावर कधीही काम करू नये. चाक वर व खाली धरून हलविल्यास ढिलाई दिसली तर दोष किंग पिनचे बुश किंवा बेअरिंग यांत असतो. डावीकडे व उजवीकडे धरून हलविल्यास दिसली तर बहुधा टाय रॉडच्या सांध्यात असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंगच्या चाकाची ढिलाई ३० अंशांहून अधिक असता कामा नये, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि सांध्यांचे बोल्ट व पिना निसटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असाव्यात. ४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर ३० अंश म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर होतात. ही शेवटची मर्यादा होय. तेथपर्यंत वाट पाहणे शहाणपणाचे नव्हे.

बोल्ट का धरून बसतो

लोखंड गंजले की तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. नट व बोल्ट यांच्या आट्यांमध्ये मोकळी जागा अगदी थोडी असते, ती गंजाने भरून जाते व दोन्ही भाग एकमेकांत रुततात. त्यात जालना जिल्ह्यातील काळी चिकण माती ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते व वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते. पावसाळ्यात सांध्यांवर साचलेला चिखल तसाच राहिला तर दिवाळीपर्यंत नट जाम होतो. अशा वेळी एकदम जोर लावल्यास आटे सुटण्याऐवजी नटाचे कोपरे गोल होतात किंवा बोल्ट मधूनच तुटतो.

सोडविण्याचा क्रम

१. तारेच्या ब्रशने माती व गंज काढून उघडे आटे स्वच्छ करावेत. स्प्लिट पिन प्रथम काढावी. ती तुटल्यास बारीक पंचाने ठोकून बाहेर काढावी.

२. गंज सोडविणारे पातळ तेल आट्यांवर सोडावे. ते नसल्यास डिझेल वापरावे, मात्र त्याने वेळ अधिक लागतो. तेल दोन-तीन वेळा घालून रात्रभर मुरू द्यावे. हे काम आदल्या सायंकाळी केल्यास दुसऱ्या दिवशीचे निम्मे श्रम वाचतात.

३. बरोबर मापाचा रिंग पाना लावावा. उघड्या तोंडाचा पाना नटाचे कोपरे खातो. आटे उजवे की डावे हे आधी पाहावे. पुष्कळ टाय रॉडांच्या एका टोकास डावे आटे असतात व तेथे उलट दिशेने जोर लावल्यास नट सुटण्याऐवजी आवळला जातो.

४. नट प्रथम किंचित आवळावा व मग सोडावा. एवढ्या हालचालीने गंजाची पकड मोडते. नट थोडा फिरला की पुन्हा तेल घालावे आणि मागे-पुढे करीत काढावा. नटाबरोबर गोळ्याचा दांडाही फिरू लागल्यास सांध्यास पहारीने दाब द्यावा, म्हणजे निमुळता भाग छिद्रात पुन्हा पकड घेतो.

५. एवढे करूनही नट न निघाल्यास तो हॅकसॉने कापावा किंवा छिन्नीने फोडावा. टाय रॉडवरील पकडीचा बोल्टही असाच कापून काढावा. छिन्नीचा घाव आर्मवर पडू देऊ नये. डोळ्यांवर चष्मा अवश्य लावावा.

६. नट निघाला तरी निमुळता दांडा आर्ममध्ये अडकून राहतो. त्यासाठी पुलर वापरावा. नट शेवटच्या काही आट्यांवर ठेवूनच हे काम करावे, म्हणजे सांधा एकदम निसटून अंगावर येत नाही. पुलर नसल्यास आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूस जड हातोडा टेकवून विरुद्ध बाजूने दुसऱ्या हातोड्याने नेमके ठोके द्यावेत. बिडाच्या आर्मवर मात्र हातोडा चालवू नये, कारण बीड तडकते.

आर्मवर गॅसची ज्योत धरू नये. हा भाग विशिष्ट तापमानावर पाणी देऊन कणखर केलेला असतो. तो लाल होईपर्यंत तापविल्यास कणखरपणा जातो, आणि पुढे भरल्या ट्रॉलीच्या धक्क्याने तो वाकतो किंवा तुटतो. शिवाय बंद सांध्यातील ग्रीस तापून सांधा फुटण्याचा व डिझेल पेटण्याचा धोका असतो.

नवा भाग बसविताना

जुना सांधा टाय रॉडमधून काढताना तो किती फेऱ्यांनी निघाला हे मोजून ठेवावे व नवा तितक्याच फेऱ्यांनी बसवावा. आर्मचे निमुळते छिद्र पुसून कोरडे करावे. तेथे ग्रीस लावू नये, कारण ही पकड कोरड्या घर्षणावरच टिकते. छिद्र लांबट झाले असल्यास किंवा आर्मवर तडा दिसल्यास आर्मही बदलावा. वेल्डिंग करून किंवा वायसर घालून भागवू नये.

नट पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावा. पिनेचे छिद्र खाचेशी जुळत नसल्यास नट थोडा अधिक आवळावा, ढिला कधीही करू नये. स्प्लिट पिन नवीनच घालावी. तिच्या जागी तार किंवा खिळा घालण्याची रीत आढळते, ती सर्वस्वी टाळावी.

शेवटी पुढच्या चाकांचा कल पाहावा. दोन्ही टायरांच्या मध्यावर, आसाच्या उंचीवर, पुढील बाजूने खडूची खूण करून अंतर मोजावे. ट्रॅक्टर पुढे ढकलून त्याच खुणा मागील बाजूस त्याच उंचीवर आणाव्यात व पुन्हा मोजावे. पुढचे अंतर मागच्याहून किती कमी असावे हे पुस्तिकेत दिलेले असते. ते जुळले नाही तर टायर लवकर झिजतात व ट्रॅक्टर एका बाजूस ओढतो.

पुढील काळजी

दुरुस्तीनंतर ट्रॅक्टर प्रथम ट्रॉली न जोडता मोकळ्या रानात हळू चालवून पाहावा. पहिल्या दिवसाच्या कामानंतर नट व पिन पुन्हा तपासावी. चिखलातील काम संपताच सांधे धुवावेत, निपलांतून नवे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरावे व उघड्या आट्यांवर ग्रीसचा हात फिरवावा. ज्या सांध्यांना निपल नसतो, त्यांच्या रबरी टोप्या पाहाव्यात व फाटलेली टोपी त्वरित बदलावी.

ज्या शेतकऱ्याजवळ पुलर किंवा मापाचे पाने नाहीत, त्याने हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. मात्र आर्म तापवू नये व पिन नवीन घालावी, या दोन गोष्टी स्वतः उभे राहून पाहाव्यात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ऊसतोडणी सुरू होण्यापूर्वी आपापल्या गावांतील ट्रॅक्टरांची ही तपासणी एका दिवशी एकत्र घडवून आणावी. जाम झालेला नट तेव्हाच सापडला तर तो तेलात मुरविण्यास पुरेशी सवड मिळते. तोच नट ऐन हंगामात, ट्रॉली भरून उभी असताना सापडला, तर झिजलेल्या सांध्यानिशीच रस्त्यावर निघण्याचा मोह होतो.