टायर किती ओझें पेलतो?

नवी मुंबईंतील करावे गांवापासून उरण फाटा कांहीं दूर नाहीं. त्या बाजूस न्हावा-शेवा बंदराचे लांबलचक कंटेनर-ट्रेलर नेहमीं दिसतात. हें बंदर १९८९ सालीं सुरू झालें. एवढें ओझें त्या गाड्यांचे टायर कसे पेलतात, आणि मधूनच एखादा फुटतो तो कां, याचा आज विचार करूं.

अशा टायरच्या बाजूवर '१४६/१४३' यासारखी खूण उठविलेली असते. हे किलो नव्हेत. ठराविक कोष्टकांतील क्रमांक आहेत. १४६ म्हणजे ३,००० किलो, व १४३ म्हणजे २,७२५ किलो. पहिला क्रमांक टायर एकटा असतांनाचा, दुसरा जोडीनें बसविला असतांनाचा. जोडींत शक्ति कमी कां धरावी? पालखीच्या भोयांत जो उंच, त्याच्या खांद्यावर अधिक भार येतो. रस्ता सपाट नसतो, दोन्ही टायरांतील हवाहि क्वचितच सारखी असते. म्हणून एकास अधिक सोसावें लागतें.

आतां थोडें गणित करूं. २०१८ सालच्या जुलैंत केंद्र सरकारनें चार टायरांच्या एकेरी आंसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. पण वरील खुणेचे चार टायर मिळून १०.९ टनच पेलतात. अशा वेळीं दोहोंपैकीं लहान आंकडाच खरा मानला पाहिजे.

ट्रेलरच्या तीन आंसांची मर्यादा त्याच वेळीं २४ टनांवरून २७ टन झाली. तेथें बारा टायर, म्हणजे प्रत्येकावर २,२५० किलो. सवड पुष्कळ दिसते. परंतु एकाची हवा गेली कीं जोडीदारावर ४,५०० किलो येतात, आणि त्याची शक्ति तर एकटा असतांहि ३,००० किलोंचीच!

कारण ओझें मुख्यतः हवा पेलते, रबर नव्हे. हवा कमी असली म्हणजे टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक वांकते, वांकून तापते, आंतील थर सुटतात, व अखेर टायर फुटतो. त्याचा फटका शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वारासहि बसतो.

हीच खूण आपल्या घरच्या मोटारीवरहि आहे. लहान मोटारीच्या टायरवर ८२ असल्यास तो ४७५ किलोंचा समजावा. सहकुटुंब, सामानासह घाट चढण्यापूर्वी सकाळीं, टायर थंड असतांना, हवा मोजून घ्यावी. पूर्ण ओझ्यासाठीं किती हवा हवी, तें बहुधा दारापाशीं लावलेल्या पट्टीवर लिहिलेलें असतें. मात्र धांवून तापलेल्या टायरची वाढलेली हवा काढूं नये. निवतांच ती कमी पडते.