परदेशांतील नोकरी आणि जोडधंदा

आपल्या बऱ्याच सुशिक्षित घरांतील एखादा मुलगा वा सून आज अमेरिकेंत असते. अशा घरांतील वडील माणसें मोठ्या हौसेनें सुचवितात कीं, “नोकरी आहेच, फावल्या वेळांत कांहीं जोडधंदा कां करीत नाहींस?” येथें ही सूचना कौतुकास पात्र ठरेल, तेथें मात्र तीमुळें संसाराची घडी विसकटूं शकते. म्हणून या विषयाची थोडी फोड करणें अवश्य वाटतें.

तेथें नोकरीस जाणाऱ्या आपल्या पुष्कळ मुलांपाशीं ‘एच-१बी’ नांवाचा परवाना असतो. १९९० च्या कायद्यानें तो आजच्या नांवानें अस्तित्वांत आला. प्रथम ३ वर्षांपर्यंत व सामान्यतः एकंदर ६ वर्षांपर्यंत तो मिळतो. परंतु त्याचें मर्म मुदतींत नाहीं. ज्या मालकानें अर्ज केला त्याचें, व अर्जांत लिहिलेलेंच काम करण्याची मुभा तो देतो. मीमांसक ‘अधिकार’ हा शब्द अशाच अर्थीं योजतात. एका कर्माचा अधिकार असला म्हणून दुसऱ्याचा आपोआप येत नाहीं.

मग धंदा मुळींच निषिद्ध काय ? तसेंही नाहीं. हा कायदा स्वामित्व आणि श्रम यांत भेद करतो. शेअर घ्यावे, ठेवी ठेवाव्या, दुसऱ्याच्या दुकानांत भांडवल घालावें. यास आडकाठी नाहीं. पण त्याच दुकानाच्या गल्ल्यावर बसणें, गिऱ्हाइकांशीं व्यवहार ठरविणें, रात्रीं माल बांधून पाठविणें, हें काम झालें. “मी पगार घेत नाहीं” ही सबब सहसा टिकत नाहीं. ज्यासाठीं एरवीं पगारी माणूस ठेवावा लागला असता, तें कामच होय. मिळकतीवर कर भरल्यानेंही तें नियमांत बसत नाहीं. कर घेणारें खातें निराळें व परवाना देणारें निराळें.

याहून नाजूक गोष्ट सुनेची. ती बहुधा पतीच्या आधारानें ‘एच-४’ परवान्यावर राहते. पतीच्या कायम वास्तव्याचें प्रकरण ठराविक पायरीपर्यंत गेलें असल्यास, २०१५ पासून तिला कामाचें स्वतंत्र अनुज्ञापत्र मिळूं शकतें. तें हातीं आल्यावर ती धंदाही करूं शकते. तें नसतां मात्र शेजाऱ्यांस दिवाळीच्या चकल्या प्रेमानें देणें वेगळें, आणि मागणी नोंदवून डब्यामागें दर लावणें वेगळें. पहिलें सौजन्य, दुसरा धंदा.

नियम मोडल्यास परवान्याची मुदतवाढ नाकारली जाऊं शकते. शिवाय कायम वास्तव्याच्या अर्जांत अनधिकृत कामाविषयीं स्पष्ट प्रश्न असतो. नोकरीच्या आधारें मिळणाऱ्या या वास्तव्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा सामान्यतः ७ टक्क्यांपुरता असल्यामुळें, भारतांत जन्मलेल्यांस वर्षानुवर्षें रांगेंत थांबावें लागतें. फराळाच्या शंभर डब्यांसाठीं ती रांग धोक्यांत घालणें कोणत्या हिशेबांत बसतें ?

सरळ मार्गही आहेत. दुसऱ्या मालकानें रीतसर निराळा अर्ज करून तो मंजूर झाल्यास, पहिली नोकरी ठेवून त्याचेंही काम करतां येतें. १७ जानेवारी २०२५ पासून अंमलांत आलेल्या नियमांप्रमाणें स्वतःच्या कंपनीमार्फतही अटी पाळून अर्ज करतां येतो. मात्र ज्याची त्या कंपनीवर सत्ता आहे, त्यास पहिला परवाना व पहिली मुदतवाढ प्रत्येकीं १८ महिन्यांपुरतीच मिळते. आणि एकत्र कुटुंबाचा उपयोग येथें खरा आहे: भांडवल तेथील मुलाचें असावें, पण येथील दुकान भावानें स्वतःच्या बुद्धीनें चालवावें. रोजचे हुकूम तिकडून सुटूं लागले, तर पुन्हां तोच प्रश्न उभा राहील.

तेव्हां वडील मंडळींनीं मुलांस धंद्याची सूचना अवश्य करावी. परंतु आरंभापूर्वीं तेथील जाणत्या वकिलाचा सल्ला घेतला काय, हें आधीं विचारावें. त्या सल्ल्याचा खर्च भांडवलांतच धरावा.