पायी चालण्याची नोंद, नकाशावर!

चेन्नईला गेलेली मराठी मंडळी कांजीवरम साड्यांच्या खरेदीसाठी हमखास टी. नगर गाठतात. मांबलम रेल्वे स्थानकातून बाहेर पडले, की लागतो रंगनाथन स्ट्रीट. दुकाने, फेरीवाले आणि माणसांची अशी दाटी, की पाऊल टाकायला जागा मिळू नये! अशा रस्त्याची नकाशात नोंद काय करायची? पायी जाता येते की नाही?

'ओपनस्ट्रीटमॅप'च्या स्वयंसेवकांपुढे असे प्रश्न नेहमी येतात. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा संगणकीय नकाशा जगभरची सामान्य माणसे मिळून तयार करतात. त्यात प्रत्येक रस्त्यासाठी पायी जाण्याची नोंद करता येते: कायद्याने मुभा आहे, रस्ता खास पादचाऱ्यांसाठी आहे, जागामालक जाऊ देतो किंवा बंदी आहे.

मेख इथेच आहे. ही नोंद कायद्याची असते, सोयीची नव्हे. गर्दी आहे किंवा वाहने अंगावर येतात म्हणून 'बंदी' लिहिणे चूक. पदपथ आहे की नाही, हे वेगळे नोंदवायचे असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मात्र पादचाऱ्यांना खरोखरच मनाई आहे. तिथे 'बंदी' हीच बरोबर नोंद.

चूक झाली तर फटका कुणाला? मोबाइलवर वाट शोधणाऱ्या आजी-आजोबांना! सरळ रस्ता 'बंद' दिसला, की नकाशा त्यांना लांबच्या वळशाने पाठवतो. उलट, बंदीचा रस्ता खुला दिसला तर जिवाशीच गाठ.

नोंदी वेळोवेळी सुधाराव्याही लागतात. टी. नगरच्या पाँडी बाजारात २०१९ मध्ये पादचाऱ्यांसाठी प्रशस्त पदपथ झाले. २०२३ मध्ये मांबलम स्थानक ते बसस्थानक असा सुमारे ५७० मीटरचा पादचारी पूल खुला झाला. तो नकाशावर नसेल, तर नवख्या माणसाच्या नशिबी पुन्हा तीच खालची गर्दी.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगे पदपथ हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. हा हक्क नकाशावर उतरवण्यात आपणही हातभार लावू शकतो. आपल्या गल्लीतून चालत जावे, फलक नीट वाचावेत आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच नोंदवावे. दुसऱ्या नकाशातून उतरवून घेणे मात्र नियमात बसत नाही.